आर एकच, तोंडं चार

द्राक्षाची काढणी संपत आली की एम.एस्सी. ॲग्रीच्या मुलांचे फोन सुरू होतात. "मॅडम, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" रेप्लिकेशन किती घेतली, म्हणजे एकच उपचार किती प्लॉटवर करून पाहिला, हे मात्र मलाच खोदून विचारावं लागतं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आता नाशिकच्या इंदिरानगरला घरीच प्रबंधांची आकडेमोड तपासते, आणि हा सॉफ्टवेअरचा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एकदाचं लिहूनच टाकते. यातल्या बहुतेकांच्या पोटात आर हीच संख्याशास्त्राची संगणकभाषा असते, तोंडं तेवढी वेगळी.

यंदाचीच एक मुलगी घ्या. दिंडोरीकडची बाग, थॉमसन जातीचे वेल, जीए या वाढीच्या संजीवकाचे पाच डोस: ०, १०, २०, ३० आणि ४० पीपीएम. चार ब्लॉक, प्रत्येकात पाचही डोस, म्हणजे वीस प्लॉट. मोजायचं काय, तर मण्याची साईज आणि ब्रिक्स, म्हणजे गोडी. साधं सरळ आरबीडी, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये डोस चिठ्ठ्या टाकून वाटलेले. अनोव्हाच्या, म्हणजे फरक कशामुळे किती पडला ते वाटून दाखवणाऱ्या, तक्त्यात डीएफ (स्वातंत्र्याचे अंश) यायला हवेत असे: ट्रीटमेंट, म्हणजे डोस, ४, ब्लॉक ३, एरर, म्हणजे उरलेला फरक, १२, एकूण १९. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी हे चार आकडे वहीत लिहून घ्यायला लावते. स्क्रीनवर काहीही उमटू दे, आधी त्याच्याशी ताडून बघायचं.

मुलांचं लाडकं ओपीस्टॅट. हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठाचं, ब्राउझरमध्ये चालतं, आकडे चिकटवले की प्रबंधात जसाच्या तसा लावता येईल असा निकाल देतं, अगदी एस.ई.(एम), म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी, आणि सी.डी., म्हणजे दोन डोसांत किमान किती फरक असला तर तो खरा मानायचा, यांच्यासकट. मी त्याला नावं ठेवणार नाही. केरळ कृषी विद्यापीठाचं ग्रेप्सही तसंच, फक्त त्याच्या पोटात आर आहे. (द्राक्षाचं नाव असलेलं सॉफ्टवेअर केरळातून यावं आणि नाशिकनं बघत बसावं!) पण गाइडनं "दोन प्लॉटचे आकडे संशयास्पद आहेत, ते गाळून परत करा" म्हटलं, की सगळं पहिल्यापासून. आणि गाइड असं म्हणतातच. गेल्या वेळी काय निवडलं होतं, कुठला रकाना कुठे टाकला होता, याचा मागमूस नसतो.

म्हणून मी मेन्यू किती छान आहेत ते बघतच नाही. क्लिक करून झाल्यावर मागे काय उरतं, ते बघते.

जामोवी इथे बरंच पुढे आहे. फुकट आहे, आत आरच चालतं, आणि डेटा, निवडलेले पर्याय, निकाल हे सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. तक्त्यातला आकडा बदला, निकाल समोरच बदलतो. सिंटॅक्स मोड चालू केला की प्रत्येक निकालावर त्याचा आर कोडही दिसतो. आमच्या आरबीडीला मात्र एक खोच आहे. ट्रीटमेंट आणि ब्लॉक दोन्ही फॅक्टर, म्हणजे नुसती गटांची नावं, म्हणून टाकले की जामोवी दोघांचं इंटरॅक्शनही, म्हणजे ब्लॉकगणिक डोसचा परिणाम बदलतो का तेही, आपणहून मॉडेलमध्ये धरतं. आपल्याकडे डोस-ब्लॉकच्या प्रत्येक जोडीला एकच प्लॉट. सगळे १२ डीएफ त्या इंटरॅक्शननं गिळले की एररला शून्य उरतो, आणि फरक खरा की योगायोगाचा हे सांगणाऱ्या एफ आणि पीच्या रकान्यांत धड काही येत नाही. मुलं म्हणतात, सॉफ्टवेअर बिघडलंय. मॉडेलच्या भागात जाऊन ते इंटरॅक्शन काढून टाकायचं, झालं. दुसरी अडचण सी.डी.ची. ती जामोवी थेट देत नाही, पण एररचा मीन स्क्वेअर देतं. त्याला दोननं गुणा, चार रेप्लिकेशननं भागा, वर्गमूळ काढा आणि तक्त्यातला १२ डीएफचा ५ टक्क्यांचा टी, म्हणजे २.१७९, त्यानं गुणा. हे हातानं केलेलं मला आवडतं. तोंडी परीक्षेत विचारतात.

आर कमांडर म्हणजे आरवरच बसवलेला मेन्यू, दिसायला जुनाट. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक जॉन फॉक्स यांनी ते प्राथमिक संख्याशास्त्राच्या वर्गासाठी केलं, आणि ती शिकवणाऱ्याची नजर जागोजागी जाणवते. मेन्यूतून काही निवडलं की त्याचा कोड वरच्या खिडकीत उमटतो. तो सेव्ह करा, बदला, परत चालवा. आणखी एक गोष्ट: डोसचा रकाना ०, १०, २० असा नुसत्या आकड्यांचा असेल आणि ब्लॉकही १ ते ४ असेच असतील, तर अनोव्हाचा मेन्यू फिकटच राहतो. आधी त्यांचे फॅक्टर करा, मग तो जागा होतो. आरमध्ये थेट कोड लिहिणाऱ्याला हा पहारा नाही. डोस आकडाच राहिला तर आर निमूटपणे त्यातून एक सरळ रेष काढतं आणि ट्रीटमेंटला ४ ऐवजी १ डीएफ देतं. चुकीचा इशारा नाही, लाल अक्षर नाही. म्हणूनच ते वहीतले चार आकडे. "कोड येतो त्याला मेन्यू कशाला?" म्हणणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम करून दाखवते.

आरस्टुडिओची गोष्ट वेगळी. ते २०११ मध्ये आलं, बनवणाऱ्या कंपनीचं नाव आता पॉझिट आहे. बरेच जण त्याला याच रांगेत बसवतात, पण तिथे अनोव्हाचं बटण नाही. ते कोड लिहिणाऱ्याचं टेबल आहे. सोय उत्तम, पण लिहायचं तुम्हालाच. मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विंडोजवर आर ४.२ किंवा पुढचंच घ्या. २०२२ मधल्या त्या आवृत्तीपासून यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट अक्षरं साठवायची पद्धत, मुळातच आलं, त्यामुळे 'घडाचे वजन' असा रकाना वाचताना कचरा होत नाही. आणि आलेखात वेलांट्या भलतीकडे पडत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये बॅकएंड एजीजी करा.

एसपीएसएसबद्दल विचारू नका. चांगलं आहे, महाग आहे, आणि विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर ते कुठून येतं हे मी विचारत नाही. जास्प हे आणखी एक सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅमचं, बेझियन पद्धतीनं, म्हणजे आधीचा अंदाज धरून शक्यता मोजायच्या असतील, तर जरूर बघा. राहुरी कृषी विद्यापीठाच्या साच्यातल्या प्रबंधात मला अजून ती गरज पडलेली नाही.

दिंडोरीच्या मुलीला मी जामोवी दिलं. साईजचा आणि ब्रिक्सचा तक्ता तिनं एका दुपारी काढला, सी.डी. कॅल्क्युलेटरवर. पण तिच्या गाइडना दोन हंगामांचं एकत्रित विश्लेषण हवंय, त्यात वर्ष हा आणखी एक फॅक्टर आणि ब्लॉक प्रत्येक वर्षाच्या आतले. ते मेन्यूत शोधत बसण्यापेक्षा कोडमध्ये एक ओळ आहे. तेव्हा पुढच्या छाटणीपर्यंत तिनं आर कमांडरवर पहिल्या हंगामाचा डेटा परत चालवायचा, वरच्या खिडकीतला कोड वाचायचा, आणि कुठली ओळ कशासाठी आहे ते मला फोनवर सांगायचं, असं ठरलंय. "मॅडम, फोनवर कोड कसा वाचू?" असं विचारत होती. म्हटलं, वाच गं, कंस सोडून.