एका मेलमागे सगळ्या अडकल्या

"अहो, सकाळपासून ही एकच मेल उतरतेय आणि परत पहिल्यापासून सुरू होतेय," मस्जिद बंदरच्या पेढीतले हिशेबनीस काका म्हणाले. पट्टी निम्म्यापर्यंत सरकायची, थांबायची, पुन्हा शून्यावर.

सगळ्यांचा राग सर्व्हरवर. सर्व्हर ठणठणीत होता! कुणीतरी गोदामातल्या मालाचे फोटो आहेत तसे एकाच मेलमध्ये कोंबले होते. २० एमबीची फाइल मेलला जोडली की बेस६४मुळे, म्हणजे मेलमधून जाण्यासाठी फाइल साध्या अक्षरांत बदलण्याच्या पद्धतीमुळे, साधारण २७ एमबी होते. त्यात पीओपी३ ची, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या पद्धतीची, रीत अशी, की शेवटी 'क्विट' (काम संपलं, हा निरोप) पोचल्याशिवाय सर्व्हर उतरवलेली मेलही पुसत नाही. मध्येच टाइमआउट झाला की आधीचं सगळं वाया. तुटलेलं सेशन (सर्व्हरशी झालेली जोडणी) सर्व्हरवर लटकून राहिलं, तर मेलबॉक्सला तेवढा वेळ कुलूप.

वेबमेलमधून ती मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली. मागच्या धडाधड उतरल्या. त्यात जीएसटीची एक नोटीसही होती. काकांनी चष्मा वर करून आधी उत्तराची तारीख बघितली. मुदत शिल्लक होती.

मग म्हणाले, "ज्यानं पाठवली त्याला कळतं का हो, इकडे काय झालं ते?"

नाही कळत. त्याच्याकडे ती 'सेंट'मध्ये जाऊन बसलेली असते, काम झालं. इकडे एक माणूस अख्खा दिवस आपलंच काहीतरी चुकलं असं समजून घाबरत बसतो. मला याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या ऑफिसात जड फाइली लिंक देऊन पाठवतात, की अजून थेट जोडूनच?