आमची वाटचाल: मिक्स्चरचा नट सगळ्यात शेवटी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या स्पोर्ट्स गाड्या, त्यातही एमजीबी, हे आमचं मुख्य काम. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली १७९८ सीसीची ही गाडी. सुरुवातीच्या मॉडेलांना हवा-पेट्रोलचं मिक्स्चर बनवणारे दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर असतात. तक्रार बहुतेक वेळा ठरलेली: स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरते, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे पडतात.

पूर्वी अशी गाडी आली की आम्ही सरळ कार्बोरेटरखालचा, मिक्स्चरमधलं पेट्रोल कमी-जास्त करणारा नट फिरवायचो. चार दिवस बरं चालायचं, मग गाडी परत दारात. आता क्रम उलटा केलाय: आधी टॅपेट, मग स्पार्क, मग हवेची गळती, आणि नट सगळ्यात शेवटी. आमच्या कामातला सर्वांत मोठा बदल हाच.

टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच. चार सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर पुढचं सगळं ट्यूनिंग वाया जातं. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचं अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगचं ०.०२५. कंडेन्सर कमजोर असला तर ठिणगी पिवळट, बारीक पडते, पेट्रोल अर्धवट जळतं आणि प्लगवर हुबेहूब रिच (पेट्रोल जास्त झालेल्या) गाडीसारखी काजळी धरते. म्हणून कोरडी, बोटाला लागणारी काजळी दिसली तरी लगेच कार्बोरेटरला दोष देऊ नये. थर ओला आणि तेलकट असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड बघा.

हवेच्या गळतीच्या कामात उद्यमनगरातल्या लेथची खरी मदत झाली. थ्रॉटलची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपेची, दांडी ५/१६ इंचाची. वर्षानुवर्षं फिरून ती आणि बॉडीतली तिची भोकं झिजतात, आणि तिथून आत हवा शिरते. त्यामुळे स्लोला मिक्स्चर पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं), इंजिन मिसिंग मारतं. मग कुणीतरी नट खाली करून पेट्रोल वाढवतो. स्लो कसाबसा सुधारतो, पण थ्रॉटल उघडला की गळतीचा वाटा नगण्य होतो आणि तीच गाडी काळा धूर सोडते. रफ स्लो आणि रिच रनिंग एकाच गाडीत का, याचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं. तपासायला स्प्रे बाटलीतून दांडीच्या टोकांवर थोडं पाणी मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती आहे. कार्ब क्लीनर गरम मॅनिफोल्डवर मारू नका, आग लागते. उपाय म्हणजे नवी दांडी आणि ब्राँझचे बुश. दोन्ही बुश एकाच सरळ फटक्यात रीम करावे लागतात, नाहीतर थ्रॉटल अडकतो.

यानंतर रिचचं कारण. चोक ओढून सोडा, इंजिन स्लोला ठेवा आणि कार्बोरेटरखाली हात घालून जेटचं (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं) टोक बोटाने वर दाबा. जेट जरा सरकला आणि इंजिन एकदम मऊ चालायला लागलं, तर चोक सोडल्यावर जेट परत येत नव्हता. जेट काढून साफ करा, केबलला थोडी ढील ठेवा. नंतर फ्लोट चेंबरचं (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भांड्याचं) झाकण उलटं धरा: झाकण आणि फ्लोटची पट्टी यांच्यात १/८ इंचाची सळई जावी, ३/१६ ची जाऊ नये. पेट्रोल पंपाकडे फार जण बघत नाहीत. बाजारातला जोरकस इलेक्ट्रिक पंप फ्लोटच्या सुईला दाबून उघडतो आणि चेंबर भरून वाहतो. दाब ३ पीएसआयच्या आत हवा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुनी रबरी होज आतून सुटते आणि तिचे काळे कण सुईच्या सीटवर अडकतात; होज बदलल्याशिवाय नुसती सीट धुऊन भागत नाही.

जेटमध्ये वर-खाली होणारी सुई (फ्लोटची नव्हे) जेटला घासून भोक लांबट झालं असेल, तर नट कितीही फिरवा, सेटिंग धरत नाही. सुई आणि जेट जोडीनेच बदलायचे.

आता नट. जेट पुलाच्या (कार्बोरेटरच्या आतल्या, जेटभोवतीच्या उंचवट्याच्या) सपाटीला आणून नट बारा बाजू खाली घ्यायचा, म्हणजे दोन फेरे. इंजिन पूर्ण गरम करून, दोन्ही कार्बोरेटरांची हवा रबरी नळी कानाला लावून सारखी करायची. मग कार्बोरेटरच्या लिफ्टिंग पिनने त्याच्या आतला पिस्टन जेमतेम १/३२ इंच उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, इंजिन मरायला लागलं तर पातळ, क्षणभर वाढून पुन्हा मूळ वेगावर आला तर बरोबर. एका वेळी एकच बाजू फिरवा आणि प्रत्येक वेळी थ्रॉटल एकदा झटकून इंजिन मोकळं करा.

मुंबईत सेट केलेली गाडी महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १३५० मीटर उंचीवर नेली, तर ती थोडी रिच चालणारच, कारण तिथली हवा विरळ. तिथे नटाला हात लावू नका. खाली उतरल्यावर प्लग पुन्हा बघा. काजळी तशीच असेल, तर गाडी आमच्याकडे आणा.