रोबॉटला ट्यूब उलटी करता येत नाही

जिवाणूच्या पेशी अल्कलीने फोडून प्लास्मिड (छोटा वर्तुळाकार डीएनए) वेगळे काढायची, म्हणजे अल्कलाइन लायसिसची, १९७९ मधली बर्नबोइम-डॉली पद्धत हाताने करताना लायसिस बफर घातला की आपण ट्यूब चार-सहा वेळा हलकेच उलटसुलट करतो. लिक्विड हँडलरला, म्हणजे पिपेटिंग करणाऱ्या रोबॉटला, नेमके तेच जमत नाही. टिपने वरखाली ढवळले की क्रोमोसोमल डीएनए तुटतो आणि त्याचे तुकडे गाळात न बसता प्लास्मिडबरोबर येतात. शुद्धता दाखवणारे २६०/२८० शोषण गुणोत्तर तरीही १.८ दिसते, त्यामुळे जेल चालवल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नका.

२.२ मिलीच्या डीप-वेल प्लेटमध्ये (९६ खोल खळग्यांची, खळगा म्हणजे वेल) १ मिली कल्चरचा पेलेट, म्हणजे तळाशी बसवलेल्या पेशी, घ्या. आधी २५० मायक्रोलिटर रिसस्पेन्शन बफर: ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), १० मिलिमोलर ईडीटीए, आरएनेझ (आरएनए तोडणारे एन्झाइम). इथे खुशाल जोरात हलवा. गुठळी राहिली तर आतल्या पेशी फुटतच नाहीत. मग २५० मायक्रोलिटर लायसिस बफर: ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, १ टक्का एसडीएस (डिटर्जंट). हा चिकट आणि फेसाळ, म्हणून ओढण्याचा वेग कमी, सोडायचा वेलच्या भिंतीवर आणि ढवळणे टिपने नव्हे, संथ शेकरने.

वेळेचा हिशेब इथेच चुकतो. आठ चॅनेलच्या पिपेटला एका कॉलमला २० सेकंद लागले, तर १२ कॉलमना ४ मिनिटे. त्यात शेकरचे एक मिनिट धरले की पहिल्या कॉलमची अल्कलीत राहायची पाच मिनिटांची मर्यादा संपली. न्यूट्रलायझेशन बफर (३ मोलर पोटॅशियम अ‍ॅसिटेट, ३५० मायक्रोलिटर) त्याच क्रमाने, त्याच गतीने पडला तरच सगळ्या कॉलमना सारखा वेळ मिळतो. तिथे टिपा बदलण्यात कॉलममागे दहा सेकंद जास्त गेले, तर बारावा कॉलम जवळपास सात मिनिटे अल्कलीत राहतो. असे प्लास्मिड कायमचे डीनेचर होते, जेलवर सुपरकॉइलच्याही (पीळ घातलेल्या अखंड प्लास्मिडच्याही) पुढे धावते आणि डीएनए कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमला दाद देत नाही.

एसीच्या गारठ्यात लायसिस बफरमधला एसडीएस पांढरा साका धरतो. बाटली ३७ अंशांवर गरम करून घ्या. उघड्या ट्रेमध्ये हा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणून रन सुरू करतानाच ओता.

न्यूट्रलायझेशननंतरचा पांढरा गाळ अर्धा तरंगतो, त्यामुळे टिपची उंची कितीही जुळवा, ती तुंबतेच. फिल्टर प्लेट आणि व्हॅक्यूम हाच खात्रीचा मार्ग. पुढे डीएनए धरून ठेवणारे सिलिका मॅग्नेटिक बीड्स, ८० टक्के इथेनॉलचे दोन वॉश. इथेनॉल उरले तर नमुना जेलच्या खाचेतून वर तरंगतो; बीड्स तडे जाईपर्यंत वाळवले तर यील्ड घटतो. शेवटी १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५, ५० मायक्रोलिटर.

वेस्टच्या डब्यात बीड्सना डीएनए चिकटवणाऱ्या बफरमधले ग्वानिडीन असते. तो ब्लीचने धुऊ नका, विषारी वायू सुटतात.