मोटेवरचा कोशा: दीर्घकथेची वाटचाल

जानेवारी

आराखडा पक्का झाला. काळ साठच्या दशकातला, जागा माणदेश. म्हादू चौदा वर्षांचा. बाप मुंबईला गिरणीत लागलाय आणि विहिरीवरची मोट पोराच्या अंगावर पडली आहे. जोडी खिलार, कोशा आणि नंद्या. नंद्या चौसा, म्हणजे चार दातांचा, अंगात रग असलेला. कोशा जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, मोटेवर मुरलेला. गोष्ट म्हादूची आणि कोशाची आहे. या दोघांत कामाची जाण बैलाला आहे आणि पोरगं नवखं आहे, हे मला पहिल्या पानापासून ठेवायचं आहे.

माणूस आणि जनावर अशी जोडी लिहायला घेतली की आपला हात आधी लळ्याकडे जातो. पोरानं जनावराला वाचवायचं, जनावरानं पोराला वाचवायचं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. अशा कथा मी आवडीनं वाचते. पण ही मला कामावर उभी करायची आहे. जोडीतल्या एकाला जे कळत नाही ते दुसऱ्याला कळतं, आणि दोघांचं मिळून झाल्याशिवाय पाणी वर येत नाही. माया त्यातून उगवली तर उगवेल.

त्यासाठी मोटेइतकी चांगली जागा मला सुचली नाही. ज्यांनी मोट चालताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोट म्हणजे बैलांकरवी विहिरीतलं पाणी ओढायची मोठी पिशवी, खाली सोंड असलेली. विहिरीच्या काठापासून उतरत जाणारा रस्ता म्हणजे धाव. वर चाक, त्यावरून मोटेचा जाड नाडा जातो. खाली काठाशी कणा, म्हणजे आडवा रूळ, त्यावरून मोटेच्या सोंडेची बारीक दोरी. बैल धाव उतरले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या टाक्यात, पडते, पाणी पाटाला लागतं. उतरताना मोटकरी नाड्यावर बसतो, त्याचंही वजन ओढीला मिळतं. मग रिकामी मोट खाली सोडायची. त्यासाठी बैलांनी धाव चढायची, ती मात्र तोंड न फिरवता, मागे सरत सरत, विहिरीच्या दिशेनं.

या मागे सरण्यापाशी माझी कथा सुरू होते. गुराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला सभोवारचं जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं. जे दिसत नाही ते मुख्यतः थेट शेपटीमागचं. जुवाखाली मान वळवून बघायचीही सोय नाही. म्हणजे मोटेचा बैल दिवसभर, दर खेपेला, त्याला न दिसणाऱ्या जागेकडे पाय टाकत जातो, आणि त्या जागेच्या टोकाला विहीर आहे. किती पावलं उरली हे फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसतं.

आणि माणसाला काय दिसत नाही? बैल धावेच्या माथ्यावर पोचतात तेव्हा म्हादू त्यांच्या तोंडापुढे असतो. विहीर बैलांच्या पलीकडे. मोट पाण्याला टेकली का, बुडाली का, भरली का, यातलं काहीही त्याला दिसत नाही. कोशाला ते मानेवर कळतं. मोट पाण्यावर टेकली की नाडा सैल पडतो, भरून ओढली की जू मागे खेचलं जातं, थारोळ्यात रिती झाली की भार एकदम उतरतो. एकाकडे डोळे, दुसऱ्याकडे मान. इतकी नेटकी वाटणी मी कल्पनेनं रचली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता.

मार्च

पहिली तीन प्रकरणं लिहून झाली. या दोन महिन्यांतला सगळ्यात मोठा निर्णय असा की कोशाच्या डोक्यात शिरायचं नाही.

आपल्याकडे बोलणाऱ्या प्राण्यांची परंपरा केवढी मोठी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा तर घरोघरी माहीत आहे. पण त्या कथेत रेडा जे बोलतो ते वेद आहेत, रेड्याचं स्वतःचं काही त्यात नाही. माझ्या कथेत बैलाचं स्वतःचं काय ते दिसायला हवं. दुसरीकडे, माणूस बैलाशी बोलतो हे मला पूर्ण मान्य आहे. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. बोलणारा उत्तराची वाट बघत नाही, तरी बोलणं खरं असतं. माणदेशात पोळ्याऐवजी बेंदूर, म्हणून तो प्रसंग माझ्या कथेत तसाच घेता येत नाही. पण म्हादू कोशाशी बोलेल ते याच सुरात.

दुसऱ्या प्रकरणातला एक तुकडा इथे देते. म्हादूचा मोटेवरचा पहिलाच दिवस आहे.

म्हादूनं कासरा हलवला. ‘चल!’ नंद्या निघाला आणि जू तिरपं झालं. कोशा जागचा हलला नाही. कान मागे टाकून उभा राहिला. म्हादूनं आसूड उचलला तशी पाटाकडं दारं धरायला निघालेली आजी ओरडली, ‘थांब की रं! मोट बुडाय नगं?’ खाली गुडगुड झाली. नाडा ताणला. कोशानं मान खाली घातली आणि कुणी काही न सांगता धाव उतरायला लागला.

यात कोशाला काय वाटलं हे कुठेही लिहिलेलं नाही. कान आहेत, मान आहे, थांबणं आहे. एका वाचक मैत्रिणीला हा तुकडा दिला तेव्हा ती म्हणाली, ‘बैलाला पोराची दया आली बघ.’ दुसऱ्या मित्राचं मत, बैलाला पोराशी घेणंदेणं नाही, तो आपलं काम चोख करतोय. दोन्ही अर्थ टिकतात, म्हणून तो परिच्छेद तसाच राहणार.

आजीच्या तोंडी एक शिकवण घातली आहे: ‘म्होरं हुबा ऱ्हा, खांद्याच्या म्होरं. मंग सरतुया मागं.’ याला आधार आहे. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुतज्ज्ञ बाईंनी गुरं हाताळण्यावर आयुष्यभर काम केलं. त्या सांगतात की गुराचा तोल त्याच्या खांद्याशी असतो. माणूस खांद्याच्या मागे आला तर जनावर पुढे जातं, पुढे आला तर मागे सरतं. आजीनं ग्रँडिनबाईंचं नाव ऐकायचं कारण नाही. तिला ते हयातभराच्या सवयीनं ठाऊक आहे, आणि मला वाचून कळलं.

ग्रँडिनबाईंच्याच कामातली आणखी एक गोष्ट मी तिसऱ्या प्रकरणाला पुरवली. गुरांना खोलीचा अंदाज नीट येत नाही. जमिनीवरची गडद सावली त्यांना खड्ड्यासारखी वाटू शकते, आणि हलणारं फडकं दिसलं की ती अडून बसतात. माझ्या प्रकरणात आजीनं खांबाला बांधून लुगडं वाळत घातलंय आणि दुपार कलल्यावर त्याची सावली धावेवर हलतेय. कोशा अडतो. म्हादू ओरडतो, कासरा ओढतो, शेवटी बैलाच्या डोक्याजवळ जाऊन, वाकून, त्याच्या नजरेच्या उंचीवरून धाव बघतो. मग जाऊन लुगडं सोडतो. बस, एवढंच. पोरानं पहिल्यांदा बैलाच्या जागेवरून पाहिलं, आणि माझ्या दृष्टीनं भागीदारी इथे सुरू झाली.

मे

लिखाण मागे पडलं, वाचन पुष्कळ झालं. माणूस आणि रानटी जीव यांची जोडी कुठे चालते का हे शोधता शोधता मोझांबिकच्या नियासा भागात पोचले. तिथले याओ लोक मध शोधायला निघाले की ‘ब्रर्र-हम्’ असा आवाज काढतात. तो ऐकून मधवाट्या पक्षी येतो आणि झाडाझाडांवरून त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. माणूस धूर करून, झाड फोडून मध काढतो. पक्ष्याला मेण हवं असतं, ते त्याला मिळतं. क्लेअर स्पॉटिसवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये याचा अभ्यास छापला. नेमका तो आवाज काढल्यावर पक्ष्यानं वाट दाखवण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेली, आणि पक्ष्यासोबत पोळं सापडण्याची एकूण शक्यता १६ वरून ५४ टक्क्यांवर.

हा पक्षी कुणी पाळलेला नाही, शिकवलेला नाही. पिंजरा नाही, दोरी नाही. तो येतो कारण त्याला मेण हवंय आणि पोळं फोडणं त्याच्या चोचीच्या बाहेरचं आहे. आपल्यापैकी जे विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहितात, ज्यांच्या कथांत यंत्रं, परग्रहवासी, वृक्षदेवता माणसाच्या जोडीला उभ्या राहतात, त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं असं मनापासून वाटतं. तुमच्या त्या दुसऱ्या पात्राला काय हवंय? नायकाची मदत करणं हे उत्तर पुरेसं नाही. त्याचं मेण कुठलं, हे लेखकाला माहीत हवं.

मग हाच प्रश्न कोशाला लावला, आणि इथे कथा जड झाली. कोशाला काय मिळतं? वैरण, पाणी, सावली, बेंदराला पुरणपोळी. पण त्याच्या नाकात वेसण आहे. तो खच्ची केलेला आहे. मानेवर जुवाचा घट्टा आहे. मधवाट्याला उडून जाता येतं, कोशाला येत नाही. ही जोडी मी भागीदारी म्हणून लिहीत असेन तर वेसण पानावर दिसलीच पाहिजे, आणि ती दिसत असतानाही लुगड्याची सावली काढणारं पोरगं खरं वाटलं पाहिजे. चौथं प्रकरण त्यासाठी नव्यानं लिहिलं. कोशाचा खांदा सुजतो. म्हादू हळद-तेल लावतो, रात्री उठून बघतो की रवंथ चाललाय का, नाकाडावर ओल आहे का. आणि दोन दिवसांनी, सूज पुरती उतरायच्या आत, पुन्हा त्याच खांद्यावर जू ठेवतो, कारण हरभरा वाळायला लागलाय. म्हादूला मी दोषी ठरवलेलं नाही आणि सोडवलेलंही नाही.

जुलै

शेवटाचा सांगाडा ठरला. गावात ऑइल इंजिन येतं. बाप मुंबईहून पैसे साठवून परततो, विहिरीवर इंजिन बसतं, आणि जोडी खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेतल्या बाजारात उभी राहते. खिलार जनावरांसाठी तो बाजार नावाजलेला, त्यामुळे जागा दुसरी शोधावी लागली नाही.

तिथला सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि दलाल फडक्याआड एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात, बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. हे लिहायला बसल्यावर ध्यानात आलं की या प्रसंगात म्हादू आणि कोशा पहिल्यांदा एकाच बाजूला आहेत. दोघांबद्दलचा निर्णय होतोय आणि दोघांनाही तो दिसत नाही. धावेवर एकाच्या मागचं दुसरा बघत होता. इथे बघणारं कुणी नाही. हे मी कुठेही शब्दांत सांगणार नाही. फडकं, बोटं, दात बघायला कोशाचं उघडलेलं तोंड, आणि मध्ये कासरा धरून उभा असलेला म्हादू, एवढंच पानावर येईल.

एक गोष्ट मात्र ठरली आहे. कोशा अडणार नाही, हंबरणार नाही, मागे वळून बघणार नाही. घेणारा माणूस जाणता आहे. तो खांद्याच्या बरोबर मागे, योग्य जागी उभा राहतो, आणि कोशा पुढे चालू लागतो. एका मित्राला हे फार कोरडं वाटलं. त्याच्या मते बैलानं निदान एकदा थांबायला हवं. मला तसं वाटत नाही. कोशाला नीट हाकणारा माणूस कळतो, आणि म्हादूलाही आजीनं तेच शिकवलंय. आपल्या हातात असलेली जाण दुसऱ्याच्या हातातही आहे हे पोराला त्या क्षणी दिसणं, याहून खरा शेवट मला सापडलेला नाही.

पाचवं प्रकरण ऑगस्टमध्ये लिहायला घेते. तोवर एक मदत हवी आहे. मोट हाकताना बैलाला मागे सरवायची हाक गावागणिक वेगळी असणार. ज्यांच्या घरात मोट हाकलेली वडीलधारी माणसं आहेत त्यांनी विचारून कळवा, गाव आणि तालुक्यासकट. माणदेशातली मिळाली तर म्हादूच्या तोंडी तीच घालेन.