नव्या सागरी जिवाणूचं बारसं: कीलहून सांगली-साताऱ्याच्या मायक्रोवाल्यांसाठी

कासच्या पठारावर पावसाळ्यात पाणथळ जागी वायतुरा फुलतो. त्याचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८२ साली साताऱ्यावरून ठेवलेलं. वनस्पतीच्या अशा नावामागे पुरावा म्हणून वनस्पतिसंग्रहात कागदावर चिकटवलेला वाळका नमुना असतो. जिवाणूंचं तसं नाही. तिथे पुरावा जिवंत लागतो. घरात विरजण जपतात तसा तो एक वाण (टाइप स्ट्रेन) कुठेतरी कायम जिवंत ठेवावा लागतो आणि जगातल्या कुणीही मागितला तर द्यावा लागतो. 'नवी प्रजाती सापडली हे कसं ठरवतात?' असं तिकडची मुलं विचारतात, तेव्हा उत्तर याच विरजणापाशी येऊन थांबतं.

इथे जर्मनीतल्या कीलला बाल्टिक समुद्र अगदी शहरात आलेला आहे. पाणी मात्र निमखारं. अरबी समुद्रात लिटरमागे ३५-३६ ग्रॅम क्षार असतात, इथे त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून नमुना घेतानाच क्षारता आणि तापमान मोजून वहीत लिहायचं, आणि मीडियम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, त्या पाण्याशी जुळवायचं. सागरी जिवाणूंसाठी सगळीकडे वापरतात ते मरीन अगार २२१६: लिटरला ५५.१ ग्रॅम पावडर, त्यात ५ ग्रॅम पेप्टोन आणि १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. पण नव्या प्रजातीच्या शोधात हे जेवण फार जड पडतं. व्हिब्रिओ, स्यूडोअल्टेरोमोनास यांच्यासारखे खादाड दोन दिवसांत प्लेट व्यापून टाकतात. त्यामुळे पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट दहा पट कमी करायचं, क्षार मात्र पूर्ण ठेवायचे. नुसतं तयार मीडियम दहा पट पातळ केलं तर क्षारही पातळ होतात. ही चूक फार जण करतात.

मीडियम घट्ट करणाऱ्या अगारची एक गोष्ट आमच्याही पिढीला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू उगवतच नाहीत. दोन्ही वेगवेगळे १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवून, थोडे निवल्यावर एकत्र करायचे. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही फॉस्फेटबरोबर तापवले की पांढरा गाळ धरतात, तेव्हा तेही निराळेच.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. प्लेटवर त्यातले एक टक्काही उगवत नाहीत. दहा, शंभर आणि हजार पट पातळ केलेलं पाणी प्रत्येकी १०० मायक्रोलिटर पसरायचं, प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करायच्या आणि १५ ते २० अंशांवर चार आठवडे ठेवायचं. पॅराफिल्म नसेल तर अगार सुकतो, मिठाचं प्रमाण वाढतं आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही भलतंच मीडियम तपासत असता. पहिल्या तीन दिवसांत आलेल्या कॉलन्यांवर (जिवाणूंच्या ठिपक्यांवर) प्लेटच्या मागून पेनाने खुणा करा आणि त्यांना सोडून द्या. नवं काही असेल तर ते बहुधा दहाव्या दिवसानंतर, टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्यांत असतं. एखादी कॉलनी खड्ड्यात बसलेली दिसली तर प्लेट खराब झाली असं समजू नका. अगार समुद्री शेवाळातून येतो, आणि तो जिवाणू तुमचा अगार खातोय.

उचललेली कॉलनी किमान तीनदा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघोट्या ओढून, वेगळी करायची. सगळ्यात जास्त श्रम इथेच वाया जातात. दोन जिवाणू एकमेकांच्या आधाराने वाढत असतील तर दिसायला कॉलनी एकच, आणि सहा महिन्यांनी जीनोम (सगळा डीएनए क्रम) हातात आला की त्यात दोघे. शुद्ध झाल्याची खात्री पटली की त्याच दिवशी साठा करा: अर्धा मिलिलिटर कल्चर, अर्धा मिलिलिटर ५० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० अंशांवर, किमान पाच नळ्या. ग्लिसरॉल साध्या पाण्यात नको, समुद्री क्षारांच्या द्रावणातच पातळ करा, नाहीतर पेशी फुटतात.

मग जिवाणूची ओळख पटवणारा १६एस आरआरएनए जीन वाचायचा, सुमारे १५०० बेसचा. पीसीआरने त्याच्या प्रती काढायला प्रायमर (सुरुवात करून देणारे डीएनएचे तुकडे) २७एफ आणि १४९२आर, ५५ अंशांवर अ‍ॅनिलिंग, ३० आवर्तनं. क्रोमॅटोग्राममध्ये (वाचलेल्या क्रमाच्या आलेखात) एकावर एक दुहेरी शिखरं दिसली तर पुन्हा स्ट्रीकिंगकडे वळा. मात्र व्हिब्रिओसारख्यांत या जीनच्या दहाच्या आसपास प्रती असतात आणि त्या आपसांतही थोड्या वेगळ्या असतात, हे ध्यानात ठेवून. तुलना करताना सरसकट ब्लास्ट या क्रम शोधणाऱ्या साधनाच्या पहिल्या ओळीवर विसंबू नका. तिथे चुकीच्या नावाने टाकलेले क्रम भरपूर आहेत. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी करायची, आणि त्यासाठी ईझीबायोक्लाउड हे संकेतस्थळ बरं पडतं. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नवी प्रजाती असण्याची शक्यता चांगली. वर असेल तर मात्र 'जुनीच' असा निकाल लागत नाही. ९९ टक्क्यांहून जास्त साम्य असूनही वेगळ्या ठरलेल्या प्रजाती आहेत. तिकडे अजून ९७ टक्क्यांचा आकडा शिकवतात. तो १९९४ चा आहे, आता तो धरू नका.

खरा निवाडा जीनोमवर होतो. तुमच्या स्ट्रेनचा आणि जवळच्या टाइप स्ट्रेनचा सरासरी न्यूक्लिओटाइड साम्यांक, म्हणजे एएनआय, ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवा, आणि संगणकी डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशन (दोन डीएनए किती जुळतात याचा अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली. दुसरा आकडा डीएसएमझेड या जर्मन सूक्ष्मजीव संग्रहाच्या संकेतस्थळावर मोफत काढता येतो. त्याआधी चेकएम या प्रोग्राममध्ये भेसळ ५ टक्क्यांच्या आत आहे ना, हे बघा. आणि जीनोममधला १६एस तुम्ही आधी वाचलेल्या १६एसशी जुळतो का, तेही. जुळला नाही तर कुठेतरी नळी बदललेली आहे.

एवढं झालं की प्लेटवरच्या चाचण्या. जीनोम असताना त्या कशाला, असं तरुण मंडळींना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही, कारण जिवाणू जगतो कसा हे त्यातूनच कळतं. मीठ ० ते १० टक्के, तापमान ४ ते ४५ अंश, पीएच ५ ते १०, ऑक्सिडेज, कॅटलेज. वाढीला सोडियमच लागतं की पोटॅशियमवरही चालतं, हेही पाहायचं. एपीआय २०एनई या तयार चाचण्यांच्या पट्टीसोबत ०.८५ टक्के मिठाचं पाणी वापरतात. सागरी जिवाणू त्यात फुटतात आणि सगळ्या खणांत 'निगेटिव्ह' येतं. निर्जंतुक समुद्री पाण्यात पेशी मिसळल्या की तीच पट्टी बोलायला लागते. फॅटी ॲसिडसाठी जवळचे टाइप स्ट्रेन मागवून तुमच्या स्ट्रेनसोबत त्याच मीडियमवर, त्याच तापमानाला वाढवावेच लागतात. थंडीत जिवाणू आवरणातली असंतृप्त फॅटी ॲसिडं वाढवतो, म्हणून दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा उचलून शेजारी मांडता येत नाही.

नावाचं व्याकरण लॅटिन. 'बॅक्टर' पुल्लिंगी, 'मोनास' स्त्रीलिंगी, 'बॅक्टेरियम' नपुंसकलिंगी. त्याप्रमाणे इंडिकस, इंडिका, इंडिकम. रत्नागिरीवरून ठेवायचं तर शेवट पहिल्या दोघांत 'एन्सिस' आणि तिसऱ्यात 'एन्से'. आपल्याकडे एक नाव ऐकून सगळेच चमकतात: शिवाजिएला. ते छत्रपतींवरून नाही, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत काम केलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. शिवाजी यांच्यावरून आहे.

आता पुन्हा विरजण. टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवल्याचे दाखले मिळाल्याशिवाय नाव वैध होत नाही, आणि त्याच्या वाटपावर अट चालत नाही. नमुना कोकणातला असेल तर इथेच अडतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तो स्ट्रेन परदेशी पाठवायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. म्हणून कागदपत्रांची चौकशी नमुना घेण्याआधी करायची, जीनोम आल्यावर नव्हे. भारतातला संग्रह म्हणून पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र किंवा चंदिगडचं एमटीसीसी आहे.

सांगलीहून आंबा घाटाने रत्नागिरी, कराडहून कुंभार्ली घाटाने गुहागर. सकाळी घेतलेलं पाणी संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लेटवर पसरता येतं. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवा, पण थेट बर्फाला टेकू देऊ नका. गोठलं की निम्मे आधीच गेले. आणि संग्रहाला कल्चर पाठवण्यापूर्वी उणे ८० मधली एक नळी उघडून ती खरंच उगवते का, हे एकदा पाहा. संग्रहात ती सुकवून ठेवतात, आणि सुकवल्यावर न उठणारे सागरी जिवाणू कमी नाहीत.