पोकळ अक्षरं

मोठ्यांसाठी निघणाऱ्या बायबल-वचनांच्या रंगपुस्तकांत पानाच्या मधोमध वचन असतं, तेही पोकळ अक्षरांत. भोवती द्राक्षवेल, भूकमळं, एखादं कोकरू. पुस्तक हातात घेतलं की नजर आधी त्या वेलबुट्टीवर जाते. ती आवरावी आणि पान उलटून बघावं. मागेही चित्र छापलेलं असेल तर मार्करचा बेत तिथेच सोडून द्यावा.

रंगपेटी कागद बघून घ्यायची. लोक नेमकं उलटं करतात. ८०-१०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा कागद रंगीत पेन्सिलीला चालतो. पाण्याच्या शाईच्या स्केचपेनला १२० च्या पुढचा बरा, आणि त्यावरही एकाच जागी तीनतीनदा पेन फिरवला की कागदाची लव उठते. अल्कोहोल मार्कर जाड कागदातूनही पार जातो. तोच वापरायचा हट्ट असेल तर छपाई एकाच बाजूला हवी आणि पानाखाली पुठ्ठा हवा. फार गुळगुळीत कागदही कामाचा नाही. पेन्सिलीचा रंग धरून ठेवायला किंचित खरखर लागते. ती नसली की तिसरा थर नुसता घसरतो. खुद्द बायबलच्या समासात रंगवायचं असेल तर जास्तच जपून, कारण तो कागद बहुधा ३०-४० जीएसएमचा असतो. तिथे पेन्सिल किंवा पिगमेंट शाईचं (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं) बारीक पेन, तेही मागच्या एखाद्या कोऱ्या पानावर तपासून.

पेन्सिली दोन जातींच्या: मेणाच्या आणि तेलाच्या. मेणाची मऊ, रंग भरभरून देते, पण टोक भराभर झिजतं आणि गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी साय धरते. मऊ फडक्याने हलकेच टिपली की ती जाते. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉससारख्या तेलाच्या पेन्सिलींचं टोक टिकतं. अक्षरांसाठी त्याच घ्याव्यात. वचन देवनागरीत असेल तर नक्कीच, कारण अनुस्वाराच्या आणि वेलांटीच्या पोकळीत बोथट टोक शिरतच नाही. कुठलीही पेन्सिल फरशीवर पडू देऊ नये. आतलं शिसं तुकड्यांत मोडतं आणि मग दर वेळी टोक काढताना तेवढाच तुकडा शार्पनरमध्ये राहतो. दोष मात्र शार्पनरला मिळतो (पातं बोथट असेल तर थोडा त्याचाही असतो म्हणा).

२४ रंग पुष्कळ झाले. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, नव्या यरुशलेमेच्या पायाला रत्नं १२ च आहेत.

रंगवायला घेताना आधी वचन, मग वेल. वेल आधी रंगवली की ठसठशीत रंग तिच्यात खर्ची पडतात आणि शब्द मागे दबतात. पिवळी अक्षरं पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. त्यांच्यामागे गडद रंग हवा, नाहीतर अक्षरंच गडद करावीत. मोबाइलवर पानाचा कृष्णधवल फोटो काढला की खोट लगेच कळते: त्यात अक्षर आणि मागची जागा सारखीच करडी आली तर वचन वाचता येणार नाही.

द्राक्षाचा एकच मणी घ्या. उजेडाचा ठिपका कागदाचाच पांढरा ठेवायचा. उरलेल्या मण्यावर फिका गुलाबी, हात इतका हलका की कागदाचे कण दिसत राहावेत. त्यावर जांभळा, एका कडेने दाट होत जाणारा. सावलीला गडद निळा. काळा नको, त्याने मणी कोळशासारखा मेलेला दिसतो. असे तीन-चार थर झाले की पांढऱ्या पेन्सिलीने दाबून घोटायचं. हे मात्र अगदी शेवटी, कारण एकदा घोटलं की कागदाची खरखर बुजते आणि वर नवा रंग धरत नाही.

कुठल्या वचनाला कुठला रंग, याला नियम नाही, पण परंपरा आहेत. जुन्या करारातल्या निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांचं सूत निळं, जांभळं आणि किरमिजी. अनेक चर्चमध्ये नाताळापूर्वीच्या आगमनकाळाला जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला) लाल. येशूचे शब्द तांबड्या शाईत असलेला नवा करार अमेरिकेतले प्रकाशक लुई क्लॉप्श यांनी १८९९ मध्ये काढला. त्या वळणाने येशूची वचनं लाल रंगवणारे पुष्कळ आहेत. स्तोत्र २३ ला मात्र लाल शोभत नाही. तिथे हिरवी कुरणं आणि संथ पाणी आहे.

जेल पेन सगळ्यात शेवटी. मेणाच्या थरावर ते अडखळतं, तेव्हा टोक कोऱ्या कागदावर फिरवून पुन्हा घ्यावं, आणि मिनिटभर तरी तिथे हात टेकू नये. हाताखाली कागदाचा कपटा ठेवला की पेन्सिलीचे फराटेही वाचतात. रंग रेघेबाहेर गेला तर खोडरबराने घासू नये, पसरतो. मळलेल्या कणकेसारखं मऊ रबर दाबून दाबून उचलावं. पान फ्रेम करायचं असेल तर स्केचपेन टाळा. त्याचा रंग उन्हाच्या भिंतीवर उडतो आणि अक्षरं पुन्हा पोकळ होतात.