सराटे, मुरूम आणि दोडक्याची मादी फुलं

मे महिन्यात सायकल भिंतीला टांगावी, असं आमच्या कंपूतल्या निम्म्या लोकांचं मत आहे. मी उरलेल्या निम्म्यात. पहाटे ५ ला पुण्यातलं कोंढवा सोडलं की ऊन चढायच्या आत बोपदेव घाट संपतो, आणि वर कानिफनाथाच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर साडेआठपर्यंत मजेत हुंदडता येतं. त्यानंतर मात्र हट्ट नको. यंदा मेमध्ये ७ राइड झाल्या. त्यातल्या ३ धड घरी आल्या.

पहिला दणका सराट्यांनी दिला. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी. सराटा वाळून मातीच्या रंगाचा होतो आणि कसाही पडला तरी त्याचं एक टोक वरच असतं. दोन्ही टायर ट्यूबलेस, म्हणून मी निर्धास्त. पुढच्या टायरमधला सराटा उपटला आणि फुस्स! सीलंट, म्हणजे टायरच्या आत राहून भोक बुजवणारा द्रव, जानेवारीत भरलं होतं. टायर उघडला तर आत दुधावरच्या सायीसारखा नुसता रबराचा पापुद्रा, ओलं काही नाहीच. मग ट्यूब घातली, तीही १० मिनिटांत पंक्चर झाली, कारण टायरच्या आतून हात फिरवून बाकीचे काटे काढायचा कंटाळा केला होता. दुसऱ्या खेपेला बसून ११ काढले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-अडीच महिन्यांत तपासाच. चाक काढून कानाशी हलवायचं. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही तर राइडला निघूच नका. आणि रुतलेला काटा घरी येईपर्यंत तसाच राहू द्या.

दुसरा दणका माझ्याच चुकीने. वळिवाच्या आधी मुरूम इतका कोरडा असतो की उतारावरचे खडे फरशीवर ज्वारी सांडल्यासारखे चाकाखालून पळतात. पावसाळ्यातला चिखल निदान सांगून घसरवतो. ब्रेक वळणाच्या आधी लावून सोडायचा, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. त्या दिवशी वळणाच्या मध्यावर एक बोट पुढच्या ब्रेकवर गेलं, पुढचं चाक बाहेर आणि मी उजव्या हातावर. मनगट मुरगळलं. सायकल डिरेलरच्या, म्हणजे मागच्या गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, बाजूवर पडल्याने तो फ्रेमला जोडणारा तुकडा, हँगर, आत वाकला. हँगर मुद्दामच मऊ धातूचा असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. पण सगळ्यात हलक्या गिअरला डिरेलर स्पोकना घासायला लागला. मधल्याच गिअरवर, एका हाताने, शिव्या घालत घर गाठलं. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. माझा मागवून यायला ९ दिवस लागले. आता एक जादा हँगर सीटखालच्या पाकिटात कायमचा ठेवलाय.

ते ९ दिवस टेरेसवर गेले. टोमॅटोची फुलं उन्हाने गळून गेली होती, तिथे करण्यासारखं काही नव्हतंच. मिरचीवर बोकड्या (पानं आकसून वळवणारा रोग), दोन रोपं सरळ उपटली. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण निंबतेल आणि साबणाच्या पाण्याने आटोक्यात आहे. पण दोडका! महिनाभर नुसती फुलंच फुलं आणि फळ एक नाही. माझं नेहमीचं लक्ष पहाटेचं, आणि दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी. तोवर मी ऑफिसातून परतलेलोच नसायचो. मनगट बांधून घरी बसलो तेव्हा साडेसहाला जाऊन पाहिलं. घोसाने आलेली सगळी नर फुलं, आणि देठाशी इवलासा दोडका घेऊन एकटी बसलेली मादी फुलं फक्त ५. डाव्या हाताने नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मादी फुलावर हलकेच फिरवलं. ५ पैकी ४ धरली. वेल बांधायला ती फुटकी ट्यूब कापून पट्ट्या केल्या. सुतळीसारख्या देठात रुतत नाहीत, वेल जाड झाला की ताणतातही.

रोहिणी लागल्या आणि तिसऱ्या दिवशी वळीव झोडपून गेला. हँगर नवा, मनगट बरं, वास घेत निघालो. मुरमाच्या वाटा काय सुरेख झाल्या होत्या! टायर नुसते चिकटून चालत होते. त्याच नादात सासवडच्या बाजूला एका शेताच्या कडेने उतरलो आणि काळ्या मातीत शिरलो. ५० मीटरमध्ये चाकं फिरायची थांबली. काडीने फ्रेममधली माती काढायची, १० पावलं जायचं, पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर. बांधावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "गाडी माणसाला नेती का मानूस गाडीला?" उत्तर नव्हतं.

घरी बादलीत सायकल धुतली आणि ते गाळाचं पाणी अंजिराच्या कुंडीत ओतणार, तेवढ्यात बायकोने बादली काढून घेतली. बरोबरच होतं तिचं. ही माती कुंडीत वाळली की विटेसारखी होते, आणि फेब्रुवारीत सासवडहूनच आणलेल्या त्या फांदीला आत्ता कुठे तिसरं पान फुटलंय.

दोडके आत्तापर्यंत ३ उतरवले. चौथा शेजारच्या काकूंच्या ग्रिलमध्ये शिरलाय आणि त्यांनी तो स्वतःचा असल्याचं जाहीर केलंय.